मागे कोण उभे आहे?

मिरचीच्या हंगामात शिवना, अंधारी, आमठाणा या गावांत संध्याकाळी फेरफटका मारला तर एक हाळी सतत कानावर येते : ‘येऊ द्या, येऊ द्या… बस्स!’ पोत्यांनी भरलेली पिकअप मागे येत असते आणि एखादा पोरगा तिच्या फळीवर थापा मारत चालकाला अंतर सांगत असतो. सिल्लोडच्या बाजार समितीच्या आवारातही कापूस-मक्याच्या दिवसांत हेच चित्र दिसते. वाहन मागे घेताना चालकाला मागचे दिसत नाही, म्हणून दुसऱ्याचे डोळे उसने घ्यायचे ही आपली जुनी सोय आहे. वाईट एवढेच की हा पोरगा उभा राहतो ती जागा सर्वांत धोक्याची असते. थाप ऐकू आली नाही, पाय घसरला किंवा चालकाला ‘बस्स’ऐवजी ‘येऊ द्या’ असे ऐकू आले, तर पहिला बळी त्याचाच.

मोटारीच्या मागच्या बंपरवर बटणासारखे दिसणारे पार्किंग सेन्सर हे त्या पोराचे काम यंत्राकडे सोपवतात. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या प्रवासी मोटारीत ते बंधनकारक आहेत. त्याच नियमाने चालकासाठी एअरबॅग, पुढच्या दोन्ही आसनांसाठी सीटबेल्टची आठवण आणि वेग वाढल्यावर वाजणारी सूचनाही सक्तीची केली. ‘एआयएस १४५’ या नावाचे हे मानक देशभर लागू असले, तरी ही मानके प्रसिद्ध होतात ती पुण्यातून, कोथरूडच्या टेकडीवरील ‘एआरएआय’ या वाहन संशोधन संस्थेतून. एअरबॅगची जाहिरात झाली, वेगाच्या टुणटुणीवर विनोद झाले. मागच्या सेन्सरकडे मात्र बहुतेकांनी ‘बंपरला ओरखडा पडू नये म्हणून दिलेली सोय’ एवढ्याच नजरेने पाहिले. विक्रेतेही ती तशीच विकतात.

ओरखड्याचा खर्च हजारांत मोजता येतो. खरी गोष्ट मागे उभ्या असलेल्या माणसाची आहे. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा विभागाने मागे येणाऱ्या वाहनांखाली सापडणाऱ्यांचा वेगळा हिशोब मांडला, तेव्हा वर्षाला सरासरी २१० मृत्यू आणि सुमारे १५ हजार जखमी असा आकडा निघाला. मृतांपैकी ३१ टक्के पाच वर्षांखालची मुले होती आणि २६ टक्के सत्तरी गाठलेले किंवा ओलांडलेले वृद्ध. म्हणजे निम्म्याहून अधिक मृत्यू घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत थकलेल्या माणसांचे. हा हिशोब वेगळा मांडावा लागला याचे कारणही समजण्यासारखे आहे. तिथल्या नेहमीच्या अपघात नोंदींत फक्त सार्वजनिक रस्त्यावरचे मृत्यू येत होते. घरापुढच्या जागेत, पार्किंगमध्ये, आवारात घडलेले येत नव्हते.

या आकड्यांमागे एक नाव आहे. २००२ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर कॅमेरॉन गुलब्रॅन्सन हा दोन वर्षांचा मुलगा आपल्याच घरापुढे गेला. गाडी मागे घेत होते त्याचे वडील, आणि ते व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ. मुलांना काय काय होऊ शकते हे ज्यांना रोज दिसत होते, त्यांनाही मागे काय आहे ते दिसले नाही. आरशात बघायला ते विसरले होते असे नाही. आरशात तो मुलगा मावतच नव्हता. त्या मुलाच्या नावाने २००८ मध्ये कायदा झाला, नियम यायला आणखी सहा वर्षे लागली आणि मे २०१८ पासून तिथल्या प्रत्येक नव्या हलक्या वाहनाला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. वाहनामागची दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब जागा चालकाला पडद्यावर दिसलीच पाहिजे, अशी ती अट आहे.

दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर असते. उंच गाड्यांची मागची काच त्याहून बरीच वर सुरू होते. मूल गाडीला टेकून उभे असले की तिन्ही आरशांत ते नसते, आणि दोन-चार पावले मागे सरकले तरी बहुधा नसते. वाकून काही उचलत असेल किंवा बसून खेळत असेल, तर विषयच संपला. शहरात निदान पार्किंगची जागा वेगळी असते. आपल्याकडे गाडी अंगणात उभी असते. त्याच अंगणात मका वाळत असतो, आजोबा खाटेवर बसलेले असतात आणि मुलेही तिथेच खेळत असतात. आई-वडील कुठे निघाले की मूल त्यांच्या मागे धावते, आणि धावत जाते ते थेट गाडीकडे. इंजिन सुरू होण्याचा आवाज आपल्याला सावध करतो, पण तीन वर्षांच्या मुलाला तो निमंत्रण वाटतो.

सेन्सर यात काय करतो, हे समजायला अजिंठ्याची लेणी लांब नाहीत. तिथल्या अंधारात वटवाघळे भिंतींना न धडकता उडतात, कारण आपल्या कानांना ऐकू न येणारा आवाज ती सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून अडथळा ओळखतात. बंपरमधल्या सेन्सरचे तंत्र तेच. त्यातली एक छोटी चकती सेकंदाला सुमारे चाळीस हजार कंपने करून आवाज सोडते आणि परत आलेला प्रतिध्वनीही तीच टिपते. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. एक मीटरवरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा सुमारे १७०वा भाग पुरतो. तेवढ्या वेळावरून यंत्र अंतर काढते आणि ते कमी होत जाईल तशी टुणटुण जलद करते. वटवाघळाची सर मात्र त्याला नाही. वटवाघूळ उडता उडता एवढासा पतंगही टिपते. सेन्सरला भिंत, खांब आणि दुसरी गाडी चांगली कळते, पण माणूस तितका चांगला कळत नाही.

ही उणीव फारशी कोणी सांगत नाही, म्हणून जरा तपशिलाने सांगायला हवी. कठीण आणि सपाट पृष्ठभागावरून आवाज जोरात परत येतो. मऊ, जाड कपडे तो शोषून घेतात. गोधडी पांघरून बसलेल्या आजींचा प्रतिध्वनी भिंतीइतका ठळक नसतो. तिरका पृष्ठभाग आवाज भलतीकडे फेकतो. बारीक तार किंवा दोरी निसटून जाते. बंपरच्या खालच्या पट्ट्यात बसलेले मूल, झोपलेले कुत्रे किंवा पडलेली सायकल सेन्सरच्या झोताखाली राहू शकते. बाजूने पळत आलेले मूल तर झोतात येईपर्यंत उशीर झालेला असतो. अमेरिकी सरकारने सेन्सर मुलांसमोर तपासले, तेव्हा त्यांची कामगिरी अनियमित निघाली. त्यात आपल्याकडची धूळ आणि पावसाळ्यातला काळ्या मातीचा चिखल. चिखलाने लिंपलेला सेन्सर एक तर सतत ओरडतो किंवा गप्प बसतो. सतत ओरडणारा जास्त वाईट, कारण चालक त्याचे ऐकणे सोडून देतो.

मग वेळेचा हिशोब येतो. ताशी पाच किलोमीटर म्हणजे माणसाच्या चालीचा वेग. त्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १.४ मीटर मागे येते. सेन्सरने दीड मीटरवर पहिली सूचना दिली आणि चालकाला ती ऐकून पाय ब्रेकवर नेऊन दाबायला एक सेकंद लागला, तर जवळजवळ सगळे अंतर संपलेले असते. वेग दहा असेल तर सूचना वाजेपर्यंत खेळ आटोपला. सेन्सरचा उपयोग आहे, पण तो रांगत्या वेगाने गाडी मागे घेणाऱ्यालाच. घाईने रिव्हर्स मारणाऱ्याला त्याचा उपयोग जवळपास शून्य.

मग बसवावेच कशाला? कारण हे सगळे धरूनही ते अपघात कमी करतात. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने विम्याच्या आणि पोलिसांच्या नोंदी चाळून हिशोब केला. मागे घेताना होणारे अपघात कॅमेऱ्याने सुमारे १७ टक्के आणि सेन्सरने सुमारे २८ टक्के कमी झाले. धोका दिसताच स्वतःच ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेने त्यात मोठी उडी घेतली. यातले बरेच अपघात गाडीला गाडी लागण्याचे आहेत, हे ध्यानात ठेवावे. त्याच संस्थेने मुलाच्या उंचीची वस्तू गाडीमागे ठेवून चालकांची परीक्षा घेतली, तेव्हा कॅमेरावाले सेन्सरवाल्यांपेक्षा सरस ठरले. पत्र्यासाठी सेन्सर चांगला आणि माणसासाठी कॅमेरा चांगला, असा याचा ढोबळ अर्थ. आपल्या नियमाने दोहोंतला स्वस्त पर्याय सक्तीचा केला आणि गाडीच्या कमी किमतीच्या प्रकारांत तोच मिळतो. युरोपने जुलै २०२४ पासून सर्व नव्या वाहनांना, त्यात मालवाहू वाहने आणि बसही आल्या, मागचे भान देणारी यंत्रणा सक्तीची केली आहे. 

आपला नियम मात्र नव्याने तयार होणाऱ्या वाहनांपुरता आहे. जुनी मालवाहू पिकअप त्यात नाही, जुना ट्रक नाही, ट्रॅक्टर नाही, जुनी बस नाही. सिल्लोडसारख्या तालुक्यात गर्दीच्या जागी सर्वाधिक वेळा मागे घेतली जाणारी वाहने नेमकी हीच. शाळेची मुले वाहणाऱ्या जुन्या व्हॅनचेही तसेच. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये, हा नियम लागू होण्याआधीच थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी नियमाच्या बाहेरची आहे. शाळेच्या फाटकासमोर पन्नास मुले सुटलेली असताना ती मागे वळते, तेव्हा तिच्या मागे ना सेन्सर असतो, ना कॅमेरा, ना बहुतेकदा कोणी माणूस.

जुन्या गाडीत हे साहित्य नंतरही बसवता येते. चार सेन्सरचा संच आणि पडद्यासह कॅमेरा काही हजारांत होतो. मोबाइलवर त्याहून जास्त खर्च करणारी घरे तालुक्यात कमी नाहीत. दोनपेक्षा चार सेन्सर घ्यावेत, म्हणजे मधली आणि कोपऱ्याची जागा सुटत नाही. ते जमिनीपासून साधारण दीड-दोन फुटांवर असावेत. फार वर बसवले तर खालचे सुटते, फार खाली बसवले तर रस्त्याचाच प्रतिध्वनी येतो. सेन्सर आणि कॅमेऱ्याची काच रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसावी, पुढची काच पुसतो तशीच. नवी गाडी वॉरंटीत असेल तर तारा कापून जोडण्याआधी कंपनीच्या केंद्रात विचारावे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मात्र हे काही टिकणार नाही. तिथे माणूसच लागेल. पण त्याने ट्रॉलीच्या मागे उभे न राहता बाजूला, चालकाला आरशात दिसेल असे उभे राहावे, आणि तो दिसेनासा झाला की चालकाने थांबावे.

हे सगळे आरोग्याच्या सदरात का, असा प्रश्न पडेल. या अपघातात वेग नसतो, वजन असते. एक टनाहून जड गाडीचे चाक हळू जरी गेले तरी लहान मुलाचे यकृत, प्लीहा किंवा कंबरेची हाडे फुटू शकतात. मुलांच्या फासळ्या लवचिक असतात. त्या न मोडता आतले अवयव जखमी होतात आणि बाहेर केवळ खरचटलेले दिसते. ‘रडतंय म्हणजे बरं आहे’ असे म्हणून मुलाला घरी घेऊन जाणे यामुळे जिवावर बेतते. अशा वेळी मुलाला उचलून उभे करू नये, पाणी किंवा दूध पाजू नये, कारण शस्त्रक्रिया लागू शकते. मान आणि पाठ न हलवता १०८ला फोन करावा. सिल्लोडच्या उपजिल्हा रुग्णालयातून पुढे पाठवायचे झाले, तर छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय सुमारे ६५ किलोमीटर दूर आहे. पोटात रक्तस्राव होत असलेल्या मुलासाठी ते अंतर फार मोठे आहे.

कायदा बदलायला दिल्लीला वेळ लागेल. बाजार समितीला लागण्याचे कारण नाही. आवारात माल उतरवण्याची जागा आणि माणसांची वाट यांत एक कठडा, मागे घेताना वाजणारा भोंगा नसलेल्या पिकअपला आत न घेण्याचा नियम आणि हंगामात संध्याकाळी पुरेसा उजेड, एवढे तिच्या हातात आहे. शाळांनी व्हॅनचालकांशी करार करताना कॅमेऱ्याची अट घालावी आणि शाळा सुटताना फाटकासमोर कोणतेही वाहन मागे घ्यायचे नाही, एवढे निदान याच सत्रात ठरवावे. घरी तर आजच करता येईल असे एक काम आहे : गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारावी, आणि घरातली लहान मुले ओट्यावर मोठ्या माणसाच्या हाताला धरून उभी आहेत हे पाहिल्यावरच किल्ली फिरवावी.