‘मन रमवा’, पण कुठे?

पत्नी गेल्यापासून झोप लागत नाही म्हणून एक निवृत्त गृहस्थ वर्षभर माझ्या दवाखान्यात येत आहेत. रक्तदाब थोडा वर, साखर बरी, ईसीजी ठीक. झोपेची गोळी वाढवून द्या, एवढीच मागणी. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, ‘‘अहो, गोळी कशाला वाढवायची? कशात तरी मन रमवा.’’ त्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, कशात ते चिठ्ठीवर लिहून द्या.’’ मी हसून विषय बदलला. खरे सांगायचे तर लिहिण्यासारखे माझ्याकडे काहीच नव्हते. पंचवीस-तीस वर्षे मी हे वाक्य फुकट वाटत आलो आहे.

त्याचे उत्तर मला भलत्याच ठिकाणी मिळाले. मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला शिकते. तिच्याकडे तीन आठवडे राहायला गेलो होतो. दर बुधवारी संध्याकाळी ही जाते कुठे, हे पाहावे म्हणून एकदा तिच्याबरोबर निघालो. आपल्या समाजमंदिरासारखा एक हॉल. त्यात वीस-बावीस माणसे गोल करून बसलेली आणि प्रत्येकाच्या गुडघ्यांमध्ये एकेक जेंबे. जेंबे हा पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी, माली या भागातला ढोल. एकाच ओंडक्यातून कोरलेला, पेल्याच्या आकाराचा, तोंडावर बकरीचे कातडे. काठी नाही, हातानेच वाजवायचा. वर्ग सर्वांसाठी होता, म्हणजे दहा वर्षे वाजवणारे आणि कालचे नवखे एकत्र. मला वाटले, हे नुसते म्हणायचे. आपल्याकडे ‘सर्वांसाठी’ असे छापलेल्या शिबिरात तिसऱ्या दिवशी नवखे मागच्या रांगेत असतात आणि चौथ्या दिवशी घरी.

शिक्षक गिनीचे, माझ्याच वयाचे. त्यांनी मला तीन आघात दाखवले. मध्यभागी पूर्ण तळवा टाकला की घुमारा, काठाशी बोटे जुळवून मारली की स्वच्छ सूर, बोटे सैल सोडून मारली की कडक थाप. पंधरा मिनिटांत मला गोलात बसवले आणि चार आघातांचा एक तुकडा दिला. तोच पुन्हा पुन्हा वाजवत राहायचा. शाळेतल्या लेझमीनंतर तालाशी माझा संबंध आला नव्हता. तरी ते जमले.

जमण्याचे कारण त्या संगीताच्या घडणीत आहे. केनकेनी, सांगबान आणि दुनदुनबा असे तीन ढोल काठीने वाजवून पाया धरतात. त्यावर दोन-तीन जेंबे आपापला छोटा तुकडा धरून बसतात आणि एक जाणकार या सगळ्यांवर मोकळेपणाने वाजवतो. प्रत्येक तुकडा एकटा ऐकला तर साधा असतो. दुसऱ्याच्या रिकाम्या जागेत तो बसला की ताल उभा राहतो. माझा तुकडा नवख्यांसाठी सोपा करून दिलेला नव्हता. तिकडच्या गावांत मुरलेले वादकही तोच वाजवतात. दुसऱ्या बुधवारी माझा हात चुकला आणि माझ्या आजूबाजूचा अर्धा गोल घसरला. समोरच्या आजीबाईंनी माझ्याकडे पाहत मानेने ठेका दिला, तेव्हा मी पुन्हा रुळावर आलो.

आम्ही वाजवत होतो तो ‘कासा’ नावाचा ताल. उत्तर गिनीतले मालिंके शेतकरी सुगीच्या दिवसांत काम करताना बांधावर तो वाजवतात. आपल्याकडची भलरी आठवा. तिकडे याचा वर्ग वगैरे नसतो. पोर पाठीवर बांधलेले असल्यापासून ते कानावर पडते. वर्ग निघाले ते आपल्यासारख्या बाहेरच्यांसाठी. फोदेबा केइता यांनी १९५२ साली पॅरिसमध्ये नृत्यपथक काढून हे ढोल रंगमंचावर आणले. पुढे ममाडी केइता (निधन २०२१) यांच्यासारखे गावातून पथकात आलेले वादक युरोपात शिकवू लागले आणि वाद्य हॉलाहॉलांत पोहोचले.

माझ्या शेजारी एक निवृत्त बसचालक बसत. त्यांना तिथे त्यांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याने पाठवले होते! इंग्लंडच्या आरोग्य सेवेने २०१९ च्या योजनेत यासाठी दवाखान्यांना जोडून माणसे नेमायचे ठरवले. कुठल्या हॉलमध्ये कुठल्या वारी काय चालते, हे त्या माणसाला ठाऊक असते. एकाकी, उदास रुग्णाला तो नेमका पत्ता देतो, वेळ पडल्यास पहिल्या दिवशी बरोबरही जातो. मला त्या डॉक्टरांचा हेवा वाटला.

ढोल वाजवून आजार बरे होतात असा माझा दावा नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मानसोपचार घेणाऱ्या व्यक्तींची चिंता आणि उदासी दहा आठवड्यांच्या सामूहिक वादनानंतर कमी झालेली आढळली. पण माणसे थोडी होती आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. तेव्हा गोळ्या बंद करून कोणी ढोल घेऊ नये. माझे मत एवढेच की, मी सांगतो म्हणून फिरायला जाणारा पंधरा दिवसांत थांबतो, कारण तो आला नाही तर रस्त्याचे काही अडत नाही. त्या गोलात माझ्या चार आघातांवाचून अडत होते.

आपल्या गावात जेंबे कुठून आणणार? आणायची गरजही नाही. भजनी मंडळात नवख्याच्या हातात टाळ देतात, तीही हीच रीत. ढोल-ताशा पथक मात्र मी साठीच्या माणसाला सुचवणार नाही. कमरेला ते वजन आणि कानाला तो मारा नको. परत आल्यावर मी एक वही केली आहे. कुठल्या देवळात कुठल्या वारी भजन, बायकांना घेतात का, आवाज नसलेल्याला बसू देतात का. कंपाउंडर हसतो. त्या गृहस्थांना एका मंडळाचा वार आणि वेळ चिठ्ठीवर लिहून दिली. ते दोनदा गेले, तिसऱ्यांदा पाऊस होता म्हणून गेले नाहीत. गोळी अजून चालू आहे.

पुण्या-मुंबईला किंवा मुलांकडे परदेशी गेल्यावर कोणी अशा वर्गाला जाणार असेल, तर थोडे सांगतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा मधुमेहाने हात बधिर झाले असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. बंद हॉलमध्ये कानात बोळे घालावेत. ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो, पण १०० डेसिबलला मर्यादा जेमतेम पंधरा मिनिटांची. तासन्‌तास जोरात बडवल्याने तळहातातल्या तांबड्या पेशी फुटून लघवी लालसर-तपकिरी झाल्याची उदाहरणे आहेत, तेव्हा जोर नको. कच्चे कातडे तासण्याच्या भानगडीत पडू नये. अशा कातड्यातून काळपुळीचे जंतू श्वासात जाऊन २००६ मध्ये न्यूयॉर्कचा एक ढोल बनवणारा मरता मरता वाचला आणि २००८ मध्ये लंडनचा एकजण दगावला. तयार ढोल वाजवणाऱ्याला हा धोका अगदीच विरळा. आणि अंगठी घरीच काढून ठेवावी. माझी लग्नातली अंगठी तिथे साबण लावून काढावी लागली, तोवर सगळा गोल थांबला होता.