गुहेतील जेवण आणि बाजारातील पाकीट

खानापूर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र गेल्या पंधरवड्यात आमच्या हाती आले. पत्रासोबत एक रिकामे, घडी घातलेले पाकीटही होते. बाई लिहितात की, त्यांचा थोरला मुलगा बंगळुरास नोकरीला आहे. वर्षभरापूर्वी तो तेथील एका व्यायामशाळेत जाऊ लागला आणि तेथेच त्याने एक नवा आहारनियम स्वीकारला. मे महिन्याच्या सुट्टीत घरी आला तेव्हा आईने तव्यावरून काढलेली भाकरी त्याने ताटातून उचलून बाजूला ठेवली. भात नको, आमटी नको, उसळ नको, दूध-दही तर मुळीच नको. "माणसाचे शरीर या अन्नासाठी घडलेलेच नाही, आई," असे त्याने सांगितले.

एवढ्यावर भागते तर बाईंनी पत्र लिहिले नसते. सूनबाईंना सातवा महिना लागला आहे. त्यांचेही दूध, डाळ आणि भाकरी बंद व्हावी असा मुलाचा आग्रह आहे. बाळ झाल्यावर त्याला वरचे काही द्यावे लागले तर हाडांचा रस्सा द्यावयाचा, हेही त्याने ठरवून टाकले आहे. "आम्ही अडाणी माणसे. शिकलेल्या मुलास काय सांगावे?" असा बाईंचा प्रश्न आहे.

पाकीट बदामाच्या पिठाच्या बिस्किटांचे आहे. वजन २५० ग्रॅम, किंमत ५२० रुपये. बाईंनी खाली आपल्या हाताने हिशेब मांडला आहे की, एवढ्या पैशांत दहा किलोंहून अधिक ज्वारी येते. ज्या बाईला हा हिशेब सुचला तिने स्वतःला अडाणी म्हणवून घेऊ नये, हे आमचे पहिले उत्तर.

आता या आहाराची कुळकथा. याला 'पॅलिओ' म्हणतात. पॅलिओलिथिक म्हणजे जुने अश्मयुग, त्यावरून हे नाव. अमेरिकेतील सिएटल येथील पोटाच्या विकारांचे एक डॉक्टर वॉल्टर फोग्टलिन यांनी १९७५ साली अश्मयुगीन आहारावर एक पुस्तक लिहिले. पुढे १९८५ साली बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोन विद्वानांनी एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात याच विषयावर लेख लिहिला, आणि कल्पनेस विद्वत्तेची प्रतिष्ठा लाभली. २००२ साली कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील प्राध्यापक लोरेन कॉर्डेन यांचे पुस्तक निघाले आणि ती घरोघर पोहोचली. युक्तिवाद सरळ आहे. माणूस लाखो वर्षे शिकार करून व कंदमुळे गोळा करून जगला. शेती आली ती केवळ दहा-बारा हजार वर्षांपूर्वी. तेवढ्या अवधीत शरीर बदलले नाही. सबब धान्य, कडधान्य आणि दूध हे आपल्याला परके होत. मांस, मासे, अंडी, फळे, भाज्या व कवचाची फळे तेवढी खावीत.

यात काहीच तथ्य नाही असे मात्र नाही. साखर, मैदा, तळलेले पदार्थ आणि बाटलीतील गोड पेये सोडावीत असे हा आहार सांगतो, आणि तेवढे ऐकले तरी पुष्कळांची प्रकृती सुधारते. स्वीडनमधील उमेओ येथे ७० स्थूल, प्रौढ स्त्रियांवर दोन वर्षे प्रयोग झाला. निम्म्या स्त्रियांना पॅलिओ आहार दिला, निम्म्यांना त्या देशात सर्वांसाठी सांगितला जाणारा सामान्य आहार. सहा महिन्यांनी पॅलिओवाल्या स्त्रियांची चरबी अधिक उतरलेली दिसली. दोन वर्षांनी वजनाचा फरक उरला नाही. उरले ते वेगळेच: पॅलिओ गटात आयोडीनची कमतरता दिसू लागली. कारण उघड आहे. दूध बंद, आणि आयोडीनयुक्त मीठही बंद. गरोदर स्त्रीच्या बाबतीत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे, कारण पोटातील बाळाच्या मेंदूच्या वाढीला आयोडीन लागते. त्यातून या पंथाची दुकाने मिठाच्या जागी गुलाबी सैंधव खपवितात, आणि त्यात सहसा आयोडीन घातलेले नसते.

आता मूळ दाव्याकडे वळू. अश्मयुगातील माणूस धान्य खात नव्हता, हे खरे काय? पवित्र शास्त्रामुळे आपल्या सर्वांच्या परिचयाचे जे गालीलचे सरोवर, त्याचे पाणी १९८९ साली बरेच खाली गेले आणि काठाच्या चिखलातून एक प्राचीन वस्ती उघडी पडली. तिला ओहालो असे नाव आहे. ती सुमारे २३,००० वर्षांपूर्वीची, म्हणजे शेतीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीची. पाणी आणि गाळ यांनी तेथील दाणे जपून ठेवले होते. त्यांत रानटी जव निघाला, रानटी गहू निघाला. आणि एका झोपडीत एक सपाट दगड निघाला, ज्याच्या खाचांत जवाच्या पिठाचे कण अजून अडकलेले होते. जाते नसले तरी जात्याची आजी म्हणावयास हरकत नाही. जॉर्डनच्या वाळवंटात शुबायका येथे तर १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीचे जळके तुकडे सापडले. २०१८ साली ते प्रसिद्ध झाले. कोणीतरी रानातील दाणे निवडले, दळले, मळले आणि चुलीत भाजले, आणि शेती सुरू व्हावयास अजून चार हजार वर्षे होती. इराकमधील शानिदारच्या गुहेत राहणारे निअँडरथल म्हणजे आपले फार दूरचे चुलत नातलग. त्यांच्या दातांवरील किटणात जवाच्या कुळातील गवताचे पिष्टकण मिळाले, आणि त्यांतील काही शिजविलेले होते.

म्हणजे भाकरी ही कालची पाहुणी नव्हे.

शिवाय 'अश्मयुगीन माणूस' असा एकच माणूस कोठे होता? ध्रुवाजवळचा मनुष्य सील माशाची चरबी खाई, कारण तेथे झाडच उगवत नाही. टांझानियातील हाड्झा लोक आजही शिकार आणि कंद यांवर पुष्कळसे जगतात. ते मांस खातात, तसेच बोरे खातात, गोरखचिंचेचा गर खातात आणि मध तर मनसोक्त खातात. ज्याला जेथे जे मिळाले ते त्याने खाल्ले. शरीर बदलत नाही हेही खरे नाही. मोठेपणी दूध पचविण्याची शक्ती आद्य मानवात नव्हती. गुरे पाळू लागल्यावर युरोपात, पूर्व आफ्रिकेत आणि आपल्या देशाच्या काही भागांत ती अनेकांच्या अंगी आली, आणि तेही गेल्या दहा हजार वर्षांतच. ज्यांना दूध सोसत नाही त्यांनी ते घेऊ नये. परंतु त्यासाठी गुहेची साक्ष काढण्याचे कारण नाही.

आणि गंमत अशी की, या पंथाला जे चालते तेही गुहेत नव्हते. कोबी, फ्लॉवर आणि ब्रोकोली या तिन्ही भाज्या शेतकऱ्यांनी एकाच रानटी रोपापासून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडविल्या. ज्या बदामाचे पीठ या पाकिटात भरले होते, त्याचा रानटी पूर्वज कडू आणि विषारी असतो. मूठभर खाल्ला तर जिवावर बेतावे. गोड बदाम हे शेतीचेच दान. एकूण, शेतकऱ्याने पिकविलेला बदाम शुद्ध आणि शेतकऱ्यानेच पिकविलेली ज्वारी अशुद्ध, असा हा न्याय आहे.

कडधान्यांविषयी मुलगा जे सांगतो त्यात थोडे सत्य आहे, म्हणून तेही नीट पाहिले पाहिजे. राजम्यासारख्या दाण्यांत कच्चेपणी पोट बिघडविणारे द्रव्य असते, आणि बहुतेक कडधान्यांत लोह व जस्त अडवून धरणारे फायटिक आम्ल असते. पण कच्चा राजमा खातो कोण? रात्रभर भिजवून, पाणी ओतून, खळखळ उकळला की तो दोष जातो. मटकीला मोड आणले, किंवा इडलीचे पीठ आंबविले, की फायटिक आम्ल बरेच उतरते. प्रयोगशाळेने हे आज सांगितले. आपल्या घरातील बायका मटकी फडक्यात बांधून खुंटीला टांगीत होत्या तेव्हा त्यांना या आम्लाचे नावही ठाऊक नव्हते. वाढत्या गर्भाला लागणारे फोलेट डाळींत आणि कडधान्यांत विपुल असते. सातव्या महिन्यात ती ताटातून काढून बदामाची बिस्किटे ठेवणे यात आम्हांस काहीच शहाणपण दिसत नाही.

आता व्यापाराची गोष्ट. ज्या माणसाजवळ दुकान नव्हते त्याच्या नावाने दुकान चालविणे ही युक्ती मोठी विलक्षण. अमेरिकेत मांसाच्या वड्या विकणारी 'एपिक' नावाची कंपनी २०१६ साली 'जनरल मिल्स'ने विकत घेतली. ही जनरल मिल्स म्हणजे मिनियापोलिस येथे गव्हाच्या गिरण्यांतून उभी राहिलेली, आणि आजही सकाळच्या धान्याच्या न्याहारीची खोकी विकणारी कंपनी. गहू खाणारा गिऱ्हाईक तिचाच आणि गव्हाला भिणाराही तिचाच! 'प्रायमल किचन' या नावाने ॲव्होकाडोच्या तेलाचे मेयोनेज विकणारी कंपनी घेण्यासाठी २०१८ साली टोमॅटो केचपवाल्या 'क्राफ्ट हाइन्झ'ने २० कोटी डॉलर मोजले. मेयोनेज कोणत्या गुहेत घुसळीत असत, हे आम्हांस विचारू नये. मूळ आहाराने 'कारखान्यातील खाऊ नका' असे बजावले होते. त्याच्याच नावाने आता कारखाने चालतात.

हे सर्व हसण्यावारी नेता येईल. ऑस्ट्रेलियातील प्रकार मात्र तसा नाही. तेथील दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध आचारी पीट एव्हान्स याने दोघींच्या साहाय्याने तान्ह्या बाळांसाठी पॅलिओ पाककृतींचे पुस्तक तयार केले. त्यात बाळाच्या दुधाऐवजी द्यावयाचा, हाडे आणि कोंबडीचे काळीज घातलेला एक रस्सा होता. २०१५ साली सार्वजनिक आरोग्याच्या संस्थेने तो तपासला तेव्हा त्यात बाळाला सोसणाऱ्या मर्यादेच्या दहापटींहून अधिक 'अ' जीवनसत्त्व भरले. हे जीवनसत्त्व जास्त झाले तर लघवीवाटे निघून जात नाही, शरीरात साठते. यामुळे एखादे बाळ दगावू शकेल, असा इशारा संस्थेच्या प्रमुखांनी दिला. प्रकाशकाने पुस्तक काढण्याचे सोडून दिले, तेव्हा लेखकांनी ते स्वतःच प्रसिद्ध केले. याच गृहस्थाला २०२० साली, एका दिव्याच्या यंत्राने करोनाच्या साथीवर गुण येतो असे सुचविल्याबद्दल, तेथील सरकारी औषध नियंत्रकांनी २५,२०० डॉलरांचा दंड केला.

म्हणून बाई, आपल्या मुलाच्या बाकीच्या नेमधर्मात आम्ही ढवळाढवळ करणार नाही. तो साखर सोडतो, व्यायाम करतो, मासे आणि भाजी आवडीने खातो, हे उत्तम आहे. त्याने बिस्किटांवर पैसे घालविले तर तो त्याचा पगार. बायको-मुलावरील मायेपोटीच तो हे करीत आहे, हेही आम्ही जाणतो. तेव्हा त्याच्याशी भांडू नये. परंतु बाळाचा रस्सा ही त्याच्या एकट्याच्या मर्जीची बाब नव्हे. पहिले सहा महिने बाळाला आईचे दूध आणि केवळ आईचेच दूध, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईला दूध येत नसेल तर काय द्यावे हे डॉक्टरांनी ठरवावयाचे. सूनबाईंनीही काळजी, अर्थात लिव्हर, या दिवसांत खाण्याचे टाळावे. त्यातील 'अ' जीवनसत्त्व जास्त झाल्यास पोटातील बाळालाही अपाय होतो.

बाळंतपणाला माहेरी जाण्यापूर्वी सूनबाई आठ दिवस आपल्याकडे येणार आहेत आणि तेव्हा काय शिजवावे, असे आपण शेवटी विचारले आहे. रोज शिजवता तेच शिजवावे. नाचणीची भाकरी, मोडाच्या मटकीची उसळ, पालेभाजी, मिळतील तेव्हा ताजे मासे, वाटीभर दही, आणि मीठ आयोडीनचे. मुलाचेही पान वाढून ठेवावे. भाकरी खाल्ली नाही तर नाही. त्या आठ दिवसांत सूनबाईंना तालुक्याच्या डॉक्टरांकडे तपासणीस न्यावे आणि मुलालाही बरोबर घ्यावे. त्या रस्स्याची कृती त्याच्याकडून कागदावर उतरवून घ्यावी आणि तो कागद त्याच्या देखत डॉक्टरांपुढे ठेवावा. ते काय म्हणाले ते आम्हांस अवश्य कळवावे.