बंद पेटीचे भक्त

दिवाळी आली की संगणकाच्या जाहिराती साड्यांच्या जाहिरातींशी स्पर्धा करू लागतात, आणि त्याबरोबर एक उपदेशही कानांवर पडू लागतो : सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडत बसणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग, पैसे मोजावेत, तयार पेटी घरी आणावी, कळ दाबावी आणि कामाला लागावे. हा उपदेश दुकानदाराने केला तर आमची तक्रार नाही. तो त्याचा धंदाच आहे. परंतु शाळांचे चालक, शिक्षक आणि सुशिक्षित पालक हेच व्यवहारज्ञान म्हणून मुलांना शिकवू लागले, म्हणजे त्याचा समाचार घेणे भाग पडते.

तयार यंत्र स्वस्त पडते आणि त्याला हमी असते, हा त्यांचा पहिला मुद्दा. पुष्कळदा ते खरेही असते. पण हमीची मुदत संपल्यावर काय? संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला की यंत्र तारीख विसरते आणि सुरू होताना कुरकुर करते. ज्याने स्वतःच्या हाताने यंत्र जोडले आहे, तो किरकोळ पैशांचा सेल आणून बदलतो. रॅमची पट्टी सैल झाली असेल, तर काढून, तिची टोके पुसून पुन्हा बसवतो. तयार पेटीचा भक्त मात्र ‘कॉम्प्युटर गेला’ असे जाहीर करून त्यावर कापड घालतो. असे कापडाखाली झाकलेले संगणक ज्याने कोणत्याच शाळेत पाहिले नाहीत, असा शिक्षक मला भेटायचा आहे.

दुसरा मुद्दा अधिक चतुर आहे. प्रोसेसर परदेशी, रॅम परदेशी. मग चार स्क्रू आवळण्यात कसला पुरुषार्थ? याचे उत्तर उमरेडच्या माणसाला तरी बाहेर शोधावयास नको. हे विणकरांचे जुने गाव. सूत गिरणीचे येऊ लागले, तरी कोष्ट्यांच्या मागावर उतरलेले काठाचे धोतर गिरणीचे ठरले नाही. सूत विकत आणले होते. वीण कोष्ट्याची होती.

पुण्याच्या ‘परम’ची कथा तरी वेगळी काय आहे? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी मागितलेला महासंगणक अमेरिकेने दिला नाही. हवामानाच्या अंदाजासाठी दिल्लीला एक क्रे यंत्र दिले, पण कशासाठी वापरायचे याच्या अटी घालून. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. तिचे प्रमुख विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे आणि नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यातले ट्रान्सप्युटर विलायतेतल्या इनमॉस कंपनीचे होते. पण अनेक लहान प्रोसेसरांना एकाच गणितावर एकदम कामाला कसे लावायचे, ही विद्या त्यांच्याबरोबर खोक्यात बांधून आली नव्हती. ती इथल्या माणसांनी कमावली.

यावर प्रतिपक्ष आपले शेवटचे अस्त्र काढतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० साली रीतसर कामास लागला, १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले, आणि १९६४ साली त्याच संस्थेने अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे तयार यंत्र आणले! मग नळ्या आणि तारा जोडण्यात घालवलेली वर्षे फुकटच गेली ना? मुळीच नाही. टिफ्रॅक जुने झाले, कारण यंत्रे जुनी होतातच. पण आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राचा प्रत्येक अवयव स्वतः घडवून पाहिला होता. त्यामुळे नवे यंत्र आले, तेव्हा त्याच्यापुढे हात जोडून उभे राहण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. विकत घ्यावयाचे ते काय आणि कशासाठी, हे बांधणाऱ्यालाच नीट कळते.

आम्हा लिहिणाऱ्यांना तर या वादात तटस्थ राहण्याची सोयच नाही. परदेशातून आलेल्या तयार संगणकाला मराठी येत नव्हते. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्र मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवले. त्याचे कार्ड त्या विकतच्या पेटीत बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. पेटी उघडण्यास जर कोणी धजलेच नसते, तर ‘यंत्राला जमत नाही’ म्हणून आम्ही आमची भाषा रोमन लिपीत कोंबली असती, आणि त्यालाही व्यवहारज्ञानच म्हटले असते!

तयार संगणक घेऊच नये, असा हट्ट मी धरीत नाही. ज्याला उद्या सकाळी हिशेब लिहावयाचे आहेत, त्याने आज तयार यंत्र घ्यावे. पण शाळेचा हिशेब निराळा आहे. शाळेने पत्र टाईप करणारे नोकर तयार करावयाचे नसून, पत्र टाईप करणारे यंत्र आतून कसे आहे हे विचारणारी मुले तयार करावयाची आहेत. म्हणून प्रत्येक शाळेने कापडाखालचा एक संगणक नववीच्या वर्गाच्या स्वाधीन करावा. त्याची वायर आधी भिंतीतून काढावी. एसएमपीएसचा डबा मात्र कोणी उघडू नये. त्यात वीज साठून राहते. बाकी सगळे मुलांनी सुटे करावे, प्रत्येक भागाचे नाव आणि काम वहीत लिहावे, आणि पुन्हा जोडावे. पहिल्या वेळी तो सुरू होणार नाही. दुसऱ्या वेळीही कदाचित नाही. मास्तरांनी तेवढा धीर धरावा. इतकी वर्षे तो कापडाखाली बंदच होता.