हनिमून हप्त्यावर? नको रे बाबा!

मंडळी, लग्नाचा सीझन आला की ऑफिसात एक ठराविक संवाद ऐकू येतो.

"कुठे मग?"
"बाली."
"कितीला पडलं?"
"चार लाख. हप्ते पाडून घेतले."

सगळे "सही!" म्हणतात आणि चहाला जातात. बालीबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण आहे ते 'हप्ते पाडून घेतले' याच्याशी. लग्नानंतरचा पहिला प्रवास कर्जावर करू नये, एवढंच मला सांगायचंय.

आधी हिशोब. चार लाख, १४ टक्के व्याज, तीन वर्षं. महिन्याला साधारण १३,६७० रुपये. म्हणजे व्याजच ९२ हजार! तोपर्यंत अल्बम कपाटात जातो, टॅन उतरतो, कदाचित घरात पाळणाही हलतो, पण हप्ता दर महिन्याला हजर. त्यात एकाला नोकरी सोडून शिकायचं असलं, किंवा बॉसच्या तोंडावर राजीनामा टाकायचा असला, तर? "हप्ते संपू देत, मग बघू." संसाराचा पहिलाच मोठा निर्णय पुढचे निर्णय पुढे ढकलणारा!

बरं, ज्याच्यासाठी एवढं केलं तो पहिला दिवस असतो कसा? आदल्या रात्री एकपर्यंत रिसेप्शन. स्टेजवर उभं राहून दोघांच्या पायांचे तुकडे पडलेले, तिच्या केसातल्या पिना अजून निघायच्यात. पहाटे तीनला एअरपोर्ट. मग रांगा, मधल्या विमानतळावर पाच तास, आणि उतरल्यावर "सर, मॅडम, अर्ध्या तासात लॉबीत या, आज चार पॉइंट आहेत." दोघं एकमेकांशी बोलतात किती? "पासपोर्ट कुठंय?" आणि "तुझ्या आईला पोचल्याचा फोन केलास का?" बस्स.

त्यापेक्षा सूर्यमाळ घ्या. मोखाडा तालुक्यातलं, पालघर जिल्ह्यातलं थंड हवेचं ठिकाण. मुंबईची लोकल जिथे संपते त्या कसाऱ्यावरून विहीगाव, खोडाळा करत पोचता येतं. दुपारपर्यंत मस्त झोपा, मग निघा. राहायची सोय मात्र आधी ठरवा, नाहीतर जव्हारला मुक्काम करा. संध्याकाळी डोंगरामागे सूर्य जाताना बघत बसा. दुसऱ्या दिवशी देवबांधचा गणपती, जव्हारला मुकणे राजांचा जयविलास राजवाडा. "पण तिथे करायचं काय?" अहो, दोघांनी बोलायचं! तेवढ्यासाठीच तर चाललाय ना?

सूर्यमाळच का, याला अजून एक कारण आहे. कर्ज आणि लग्न एकत्र आले की काय होतं, हे या जिल्ह्याइतकं क्वचितच कुणी भोगलं असेल. डहाणू-तलासरी पट्ट्यात 'लग्नगडी' नावाची पद्धत होती. वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचा आणि ते फेडायला त्याच्याकडे राबायचा. नवी नवरीही राबायची. कर्ज काही फिटायचं नाही, पिढी मात्र सरायची. १९४५ साली वारल्यांनी या वेठीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये हे सगळं आलंय. वेठबिगारी कायद्यानं बंद झाली ती १९७६ साली, म्हणजे आपल्यातल्या अनेकांचे आई-वडील तेव्हा शाळेत होते.

आणि सगळंच संपलंय असंही नाही. तुळशीचं लग्न लागलं की आपले मुहूर्त सुरू होतात. साधारण त्याच सुमाराला, भाताची कापणी उरकली की, जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. आधी 'उचल' घेतलेली असते, कधी औषधपाण्याला, कधी घरखर्चाला, कधी लग्नालाही. भट्टीवर काम जोडीनं करायचं असतं. म्हणजे काही नव्या जोडप्यांचा लग्नानंतरचा पहिला प्रवास हा टेम्पोत भांडीकुंडी घेऊन असतो, आणि घरी परतायचं ते थेट पावसाच्या तोंडावर.

आता कुणीतरी म्हणणार, "आमचा ईएमआय आणि वेठबिगारी एकच का?" नाही, अजिबात नाही. आपल्याला पगार आहे, पाठीशी घर आहे, इंग्रजी येतं, बँकेचा माणूस आपल्याला 'सर' म्हणतो. त्यांनी कर्ज घेतलं कारण दुसरा मार्ग नव्हता. म्हणून तर आपला जास्त राग येतो! ज्यांच्याकडे 'नको' म्हणायची सोय आहे, ते फोटोंसाठी पुढची तीन वर्षं गहाण टाकतात आणि वर पार्टी देतात.

दुसरा आक्षेप: "आयुष्यात एकदाच तर जायचं!" का बरं एकदाच? दोघं कमावते आहात. महिन्याला तेच १३ हजार बाजूला टाका, अडीच वर्षांत बाली रोखीनं होईल, व्याज न भरता. तोवर दोघांना एकमेकांच्या सवयी कळलेल्या असतील, भांडणं कमी होतील (निदान पासपोर्टवरून तरी!).

ज्यांच्या खात्यात आत्ताच पैसे आहेत त्यांनी खुशाल जावं, माझ्यासाठी मॅग्नेट आणावा. बाकीच्यांनी लोनचा फॉर्म भरायच्या आधी एकदा दोघांनी समोरासमोर बसून विचारावं, की हे आपल्याला हवंय की ऑफिसातल्या त्या "सही!"साठी चाललंय? उत्तर दुसरं असेल तर कसाऱ्याचा रस्ता धरा.

बघा, पटतंय का.