सिल्व्हरचं यमक

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलात की उंच, सरळसोट सिल्व्हर ओकची झाडं दिसतात. झाड मूळचं ऑस्ट्रेलियातलं. 1860 च्या दशकात इथला कारभार पाहणाऱ्या जॉन चेसन साहेबानं ते इथं आणलं, असं सांगतात. पुढं गावात इंग्रजी निवासी शाळा निघाल्या. तिथल्या हुशार पोरालाही विचारा, "बाळ, सिल्व्हरला यमक कोणतं?" पोरगं गप्प बसेल. सिल्व्हर, पर्पल, ऑरेंज, मंथ यांना नेमकं यमकच नाही, असं सर्रास मानतात.

आपली जात्यावरची बाई कधी यमकाला अडली का? चांदीला फांदी आहे. महिन्याला राहिना, पाहिना अशी क्रियापदं धावून येतात. मराठी शब्दाला प्रत्ययाचं शेपूट लागतं आणि शेपटाला शेपूट जुळतं. इंग्रजीला ही सोय फार थोडी.

पण मोठे इंग्रजी कोश उघडा. चिल्व्हर म्हणजे मेंढीचं मादी कोकरू! कर्पल म्हणजे घोड्याचा पुठ्ठा. यमक होतंच, पण ते राहिलं मेंढपाळाच्या, घोडेवाल्याच्या तोंडी. शाळेच्या पुस्तकात कोण घेतो? शिकायला गेलेली आपली पोरंही करडू, पारडू म्हणायला लाजतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. कोकरू म्हटलं की आपल्याकडं लेकरू आलंच.

ऑरेंजला वेल्समधला ब्लोरेंज डोंगर सापडतो. मंथ बिचारा अजून एकटाच.