उसाचे पाचट : जाळायचे की जिरवायचे?

शेतकरी बंधूंनो, गळीत हंगामात ऊस तुटून गेला की दोन दिवसांत शिवारात धूर दिसतो. पाचट पेटवले की रान मोकळे, पाणी द्यायला सोपे, असा आपला हिशेब. पण तो अर्धाच आहे.

एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट निघते. त्यात नत्र अर्धा टक्का, पालाश एक टक्का धरा. ४ टनांत २० किलो नत्र झाले, म्हणजे जवळपास युरियाचे एक पोते. जाळल्यावर पालाश राखेत उरते, तेही वाऱ्याने उडाले नाही तर. नत्र आणि सेंद्रिय कर्ब मात्र धुरावाटे जातात. युरिया दुकानात मिळेल, जमिनीचा कर्ब कुठून आणणार?

मग लोक जाळतात का? कारणे खोटी नाहीत. मजूर मिळत नाही, सरीत पाणी तुंबते, आणि पाचट ठेवले तर खोडवा पिवळा पडतो. ही शेवटची तक्रार खरी, पण तिला उपाय आहे. पाचटात कर्ब फार, नत्र थोडे. कुजवणारे जिवाणू सुरुवातीला जमिनीतलेच नत्र उचलतात. म्हणून एकरी ३२ किलो युरिया व ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पाचटावर टाकावे. पाचट कुजवणारे जिवाणू ४ किलो, शेणखतात मिसळून फेकावेत व पाणी द्यावे. हा युरिया वाया जात नाही. पाचट कुजले की पिकालाच मिळतो. बुडखे जमिनीलगत छाटून उघडे ठेवावेत. खोडव्याचे खत वरून न फेकता पहारीने छिद्र घेऊन द्यावे.

परसबागेतही हाच नियम. कुजलेले कंपोस्ट मातीत मिसळा. लाकडाच्या ढलप्या, भुसा वर पसरा, मातीत कालवू नका.

२०२३ मध्ये राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, हे विसरून चालणार नाही. आच्छादनाखाली ओल टिकते, तण दबते, पाण्याची पाळी लांबते.

सरपंच मंडळींनाही एक सांगणे. एकाने पेटवलेले पाचट शेजाऱ्याचा उभा ऊस आणि ठिबकच्या नळ्या जाळते. मग भांडण चावडीवर येते. त्यापेक्षा हंगामाआधीच ग्रामसभेत विषय घ्या. पाचट कुट्टीचे यंत्र एकट्याला परवडत नसेल, तर गटाने आणा. आणि शेतकरी बंधूंनो, सगळ्या रानाचा धीर होत नसेल तर यंदा एकच एकर राखा, बाकीच्या खोडव्याशी ताडून पाहा.