साखर कुणाच्या धर्माआड येत होती?



2025 च्या जानेवारीअखेर शासनाने शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी बंद केला, तेव्हा आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांचा पाऊस पडला. 'अहिंसेचा विजय' असंही कुणी लिहिलं. मीही हात जोडले. दोन दिवसांनी बातमी नीट वाचली आणि ते परत घ्यावेसे वाटले.

निधी एकट्या अंड्याचा गेला नव्हता. खिरीला आणि नाचणी सत्त्वाला लागणाऱ्या साखरेसाठीही वेगळे पैसे मिळणार नव्हते. हवं तर शाळेने लोकसहभागातून भागवावं! अंडं आपल्या धर्मात बसत नाही, मान्य. साखर कुणाच्या धर्माआड येत होती? 2023 मध्ये ही योजना आली तेव्हा अंडं न खाणाऱ्या मुलांना केळं द्यायचं ठरलं होतं. पैसाच आटल्यावर केळं तरी कुठून येणार?

म्हणजे काटकसर तिजोरीची आणि नाव आपल्या अहिंसेचं. याचा मला राग आला आहे.

आपण घर चालवणाऱ्या बायका, हिशोब आपल्याला कळतो. मे 2025 पासून पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे मिळू लागले. तांदूळ केंद्राचा, तो वेगळा. पण डाळ, भाजी, तेल, मीठमसाला, इंधन सगळं या पावणेसातांत. डाळ 20 ग्रॅम. किलोला शंभर-सव्वाशे धरली तरी दोन-अडीच रुपये तिच्यातच गेले. उरलेल्यात 50 ग्रॅम भाजी आणि फोडणी बसवून दाखवा बघू. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा, त्यात या मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं लिहिलेली आहेत. कागदावर ती कशीबशी भरतात. आमटी पातळ झाली की संपलं.

आणि ही मुलं कोण? आपली नव्हेत. आपल्या मुलांच्या डब्यात पराठा, सुका मेवा आणि वर आईची धमकी असते. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 100 पैकी 35 मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. तीच पुढे शाळेत येतात. त्यातल्या अनेकांच्या घरी अंडं खातात. आपण नको म्हणालो, तेव्हा त्याच दमात 'मग दूध द्या' का नाही म्हणालो? शेजारच्या कर्नाटकाने 2013 पासून सरकारी शाळांत दूध सुरू केलं. आपल्या निवेदनांत 'अंडी बंद करा' ठळक असतं, दुधाचं, शेंगदाण्याचं नाव शेवटी, तेही असलं तर.

ताई म्हणतात, आपण आहारदान करतोच की, ट्रस्टतर्फे शाळेला लाडू देऊ. जरूर देऊ. पण दान आपल्या पुण्यासाठी, आपल्या सवडीने असतं. पर्युषणात आठवेल, परीक्षेच्या महिन्यात विसरेल. आणि ज्या गावात ट्रस्ट नाही तिथलं काय? सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 ला राज्यांना शिजवलेलं अन्न वर्षातून किमान 200 दिवस द्यायला सांगितलं, ते मुलाचा हक्क म्हणून. त्याला लोकसहभागाची वाटी पुढे करायला लावणं हे शासनाने हात झटकणं आहे. आपण टाळ्या वाजवल्या की त्यांचं आणखी सोपं होतं.

मी अंडं मागत नाही, मागणारही नाही. पण अनुकंपा म्हणजे नुसतं 'नको' म्हणणं असं कुठल्याच स्वाध्यायात मी ऐकलेलं नाही.

म्हणून येत्या सभेत मी निवेदन मांडणार आहे: डाळ दुप्पट, आठवड्यातून तीन दिवस दूध, शेंगदाणा-गुळाची चिक्की, आणि पैसा शासनाचा. सह्या लागतील. अंड्याचा विषय त्यात काढायचा नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर दोन तास त्यातच जातील आणि सूर्यास्ताआधी घरी पोचायचंय.